शार्लटच्या शाळा: एकत्र कशा आल्या, पुन्हा वेगळ्या कशा झाल्या

प्रश्न विचारणाऱ्या ताई नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून शार्लटला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात राहायला निघाल्या आहेत. घरं बघताना त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक पत्त्याशेजारी शाळेचं रेटिंग दिलेलं असतं. दहापैकी नऊ मिळालेल्या शाळेपासून दहापैकी दोन मिळालेली शाळा गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर. पहिलीच्या फोटोत गोरी आणि आपली भारतीय मुलं, दुसरीच्या फोटोत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक. त्या विचारतात: १९५४ मध्येच सुप्रीम कोर्टाने शाळा एकत्र केल्या ना, मग हे काय? आणि बसिंग, म्हणजे गोरी-कृष्णवर्णीय मुलं एकत्र यावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवणं, फसलं असं सगळे म्हणतात, ते कशामुळे?

अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांत माझी एकतीस वर्षं गेली. आधी गणित शिकवलं, मग वीस वर्षं दक्षिणेतल्या एका डिस्ट्रिक्टच्या नियोजन विभागात होते. (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था.) कुठल्या गल्लीतलं मूल कुठल्या शाळेत जाणार, त्याचे नकाशे आम्ही करायचो. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बसिंग फसलं नाही. तुम्ही येताय त्या शहरात तर ते तीसेक वर्षं चाललं, आणि मग थांबवलं गेलं.

आता १९५४. त्या वर्षी १७ मे रोजी ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल लागला, नऊ विरुद्ध शून्य. १८९६ पासून ‘वेगळं पण समान’ या नावाखाली गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांना जे वेगळं ठेवलं जात होतं, ते शाळांपुरतं घटनाबाह्य ठरलं. पण हा एक खटला नव्हता, पाच होते, आणि साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीतला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) खटला मला सगळ्यांत बोलका वाटतो. तिथली सुरुवात ‘शाळा एकत्र करा’ अशा मागणीने झालीच नव्हती. पालक फक्त बस मागत होते. गोऱ्या मुलांना तीसेक बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांना एकही नाही. ती मैलोन् मैल चालत जायची. बस मिळाली नाही, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. अर्जावर सह्या करणाऱ्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, त्यांच्या बायकोचं मोटेलमधलं काम गेलं, आणि लोकांना एकत्र आणणाऱ्या जोसेफ डिलेन या पाद्र्याचं घर जळालं. पुढे ‘आमच्या पोरांना बसमध्ये का कोंबता’ म्हणून जो गदारोळ झाला, तो ऐकताना मला नेहमी हे आठवतं.

व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलचा खटला तर शाळेतल्या मुलांच्या संपातून उभा राहिला. वर्गखोल्या कमी पडतात म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या शेड उभ्या केल्या होत्या, पावसात गळायच्या. बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने २३ एप्रिल १९५१ रोजी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि वर्ग सोडून बाहेर काढलं. या काउंटीने पुढे काय केलं ते ऐका. शाळा एकत्र करायची वेळ आली तेव्हा १९५९ मध्ये तिने सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप घातलं. पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी ज्यांना दुसऱ्या गावी नातेवाईक होते ती तिकडे गेली, बाकीची घरी बसली. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दारं उघडायला लावली, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या काही मुलांना अक्षरओळखही नव्हती.

असा वेळ काढता आला, कारण कोर्टानेच तो दिला होता. १९५५ च्या दुसऱ्या निकालात अंमलबजावणीला मुदत नव्हती. होता तो ‘ऑल डेलिबरेट स्पीड’ हा शब्दप्रयोग. मराठीत सांगायचं तर सवडीने घाई करा. दक्षिणेने त्यातली सवड घेतली. लिटल रॉकमधल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या शाळेत जाता यावं म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं, न्यू ऑर्लीन्सच्या सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसला केंद्राच्या मार्शल पोलिसांच्या पहाऱ्यात शाळेत न्यावं लागलं. हे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. फोटोत न येणारी गोष्ट एवढीच, की निकालानंतर दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळेत जाणारी मुलं शेकडा दोनच्या आसपास होती.

मग आकडा हलला तो पैशाने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात तरतूद आली की भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा निधी मिळणार नाही. पुढच्याच वर्षी शाळांसाठी केंद्राचा मोठा निधी मंजूर झाला. आधी पैसा नव्हता तेव्हा धमकीला अर्थ नव्हता. आता दोन्ही होतं. १९६८ मध्ये कोर्टाने ‘ज्याला हवी ती शाळा निवडा’ ही पळवाट बंद केली. या पळवाटेत गोरं मूल कृष्णवर्णीय शाळा कधीच निवडत नसे, आणि कृष्णवर्णीय मुलाने गोरी शाळा निवडली तर त्याच्या वडिलांचं काम जायचं. १९८८ पर्यंत तो शेकडा दोनचा आकडा शेकडा त्रेचाळीसच्या पुढे गेला. ज्या दक्षिणेने सगळ्यांत जास्त अडवलं, तिथल्याच शाळा देशात सगळ्यांत जास्त मिसळलेल्या झाल्या.

आता शार्लट. १९५७ मध्ये डोरोथी काउंट्स ही पंधरा वर्षांची मुलगी हार्डिंग हायस्कूलमध्ये पहिल्यांदा गेली. मागे टवाळांचा जमाव, अंगावर थुंकी, आणि ती ताठ मानेने चालतेय, असा तो फोटो जगभर गेला. चौथ्या दिवशी आईवडिलांनी तिला काढून घेतलं. त्यानंतर सात-आठ वर्षं फारसं काही बदललं नाही, आणि मग डॅरियस आणि व्हेरा स्वान हे जोडपं शहरात आलं.

हा भाग आपल्या लोकांना माहीत नसतो. डॅरियस स्वान प्रेस्बिटेरियन मिशनरी होते आणि त्याआधीची कित्येक वर्षं भारतात राहिले होते. त्यांचा मुलगा जेम्स जवळपास सगळं बालपण भारतात वाढलेला. शार्लटला आल्यावर त्याला फक्त कृष्णवर्णीयांच्या शाळेत टाकलं, घराजवळच मिश्र शाळा असताना. वडिलांनी बोर्डाला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की हा मुलगा भारतात वाढल्यामुळे वर्णभेदाने वेगळं काढणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही, आणि त्याचा तो मोकळेपणा टिकवणं आमचं कर्तव्य आहे. (भारतात कोण कोणाला वेगळं बसवत होतं, हे त्या पत्रात येत नाही. परदेशी पाहुण्याच्या मुलाला ते दिसलंही नसेल.) बोर्डाने नकार दिला. १९६५ मध्ये ‘स्वान विरुद्ध शार्लट-मेक्लेनबर्ग शिक्षण मंडळ’ हा खटला दाखल झाला. वकील होते ज्युलियस चेंबर्स. त्या काळात त्यांच्या गाडीवर बॉम्ब पडला, घरावर पडला, पुढे कार्यालय जाळलं. खटला चालूच राहिला.

डिस्ट्रिक्टची तेव्हाची परिस्थिती अशी: १०७ शाळा, ८४ हजार मुलं, त्यांतली २४ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय. यांतली १४ हजार मुलं २१ शाळांत कोंबलेली, आणि त्या शाळांत गोरं मूल जवळजवळ नाहीच. कागदावर वर्णभेद संपलेला होता. मुलं ‘आपापल्या वस्तीतल्या’ शाळेत जात होती, एवढंच. पण वस्त्या आपोआप झालेल्या नव्हत्या. कोणाला कर्ज द्यायचं, कोणाला कुठे घर विकायचं नाही, हायवे कोणाच्या घरावरून न्यायचा, हे सगळं आधी सरकारने आणि बँकांनी ठरवून ठेवलं होतं. न्यायमूर्ती जेम्स मॅकमिलन यांनी ते मान्य केलं आणि मुलांना बसने हलवायला सांगितलं. २० एप्रिल १९७१ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यावर शिक्कामोर्तब केलं. निकालपत्रात एक साधी नोंद आहे: देशातली शेकडा ३९ मुलं एरवीही बसनेच शाळेत जात होती. म्हणजे राग बसवर नव्हताच. बस कुठे थांबते, यावर होता.

योजनेचा तपशील बघितला की न्याय कसा वाटला गेला ते कळतं. शहरातली कृष्णवर्णीय मुलं पहिली ते चौथी बसने उपनगरात जायची. उपनगरातली गोरी मुलं पाचवी-सहावीत शहरात यायची. एकाला चार वर्षं, दुसऱ्याला दोन. तेही सहा वर्षांच्या मुलाला चार, अकरा वर्षांच्या मुलाला दोन. थंडीत पहाटे अंधारात स्टॉपवर उभं राहणारं पोरगं कोणाचं, हे यात ठरून गेलं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्येही हेच होतं. मी रुजू झाले तेव्हा सर्वांत लांब रूटचा पहिला स्टॉप पाच वाजून चाळीस मिनिटांचा होता, आणि तो कृष्णवर्णीय वस्तीतला होता.

तरीही शार्लटमध्ये ते जमलं. का? माझ्या मते मोठं कारण अगदी रुक्ष आहे: शहर आणि सगळी काउंटी मिळून डिस्ट्रिक्ट एकच होतं, ते १९६० मध्येच एकत्र झालेलं. बसिंग टाळण्यासाठी दोन गल्ल्या सोडून घर घेतलं तरी मूल त्याच डिस्ट्रिक्टमध्ये. पळायचं तर थेट काउंटीबाहेर. दुसरं कारण, सधन गोऱ्या वस्त्या आधी बसिंगमधून सुटल्या होत्या आणि कष्टकरी गोऱ्यांची मुलं तेवढी जात होती. १९७४ नंतर नागरिकांच्या समितीने नवी आखणी केली, आणि शहरातल्या धनिकांची मुलंही वेस्ट शार्लट या जुन्या कृष्णवर्णीय हायस्कूलमध्ये जायला लागली. बँकरचं मूल तिथे गेल्यावर तिथलं छप्पर गळायचं थांबतं, हे मी निंदा म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगते. वेस्ट शार्लट पुढे नावाजलं गेलं. बॉस्टनमध्ये बसवर दगड पडत होते त्या वर्षी तिथल्या मुलांना शार्लटच्या मुलांनी ‘या, बघा, कसं करतात’ म्हणून बोलावून घेतलं होतं. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन प्रचाराला आले, बसिंगवर टीका केली, टाळ्यांसाठी थांबले, आणि त्यांच्याच पक्षाच्या गर्दीत शांतता पसरली.

डेट्रॉइटमध्ये हे घडू शकलं नाही, आणि पुढची सगळी गोष्ट तिथेच ठरली असं मी मानते. तिथे शहर वेगळं डिस्ट्रिक्ट, भोवतालची उपनगरं वेगळी. शहरातल्या शाळांत गोरी मुलं कमीच उरली होती, मिसळणार कोणाशी? खालच्या कोर्टाने आसपासची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट योजनेत घेतली. २५ जुलै १९७४ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांना ओढता येणार नाही. वीस वर्षांपूर्वी ‘ब्राउन’ खटला लढवणारे थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते आणि या निकालात विरोधी बाजूला होते. त्या दिवसापासून डिस्ट्रिक्टची हद्द म्हणजे किल्ल्याची तटबंदी झाली. उत्तरेत अशी छोटी छोटी डिस्ट्रिक्ट शेकड्यांनी आहेत. न्यूयॉर्क, न्यू जर्सीच्या शाळा आज दक्षिणेपेक्षा जास्त वेगळ्या दिसतात त्याचं कारण तिथले लोक जास्त वाईट आहेत असं नाही. तिथे तट जास्त आहेत.

फायदा काय झाला? रकर जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी त्या पिढीचा मोठेपणापर्यंत माग काढला. एकत्र शाळेत शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण, मिळकत, तब्येत, सगळं सुधारलेलं निघालं; आणि गोऱ्या मुलांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. राष्ट्रीय चाचण्यांत तेरा आणि सतरा वर्षांच्या मुलांच्या वाचनातला गोरे-कृष्णवर्णीय फरक १९७१ ते १९८८ मध्ये निम्म्याहून खाली आला. सगळं श्रेय बसला द्यायला मी तयार नाही. त्याच काळात बालवाड्याही वाढत होत्या. पण या काळात फरक जितका आटला तितका नंतर आटला नाही.

आणि तोटा? तोही बहुतेक एकाच बाजूचा. एकत्रीकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय शाळा बंद करून मुलं गोऱ्या शाळेत नेणं. दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. गोऱ्या पालकांना कृष्णवर्णीय बाई चालत नव्हत्या. शार्लटचं सेकंड वॉर्ड हायस्कूल १९६९ मध्ये बंद करून पाडलं, त्याची व्यायामशाळा तेवढी उरली आहे. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक वयस्क कृष्णवर्णीय बाई अशाच एका बंद पडलेल्या शाळेच्या विद्यार्थिनी. बारावीला त्यांची शाळा बंद झाली. नव्या शाळेत गेल्यावर त्यांनी विचारलं, आमच्या बॅंडचे, फुटबॉलचे करंडक कुठे ठेवले? कुणालाच माहीत नव्हतं. पुढे एक करंडक त्यांना जुन्या बाजारात सापडला, तो त्यांनी दहा डॉलरला विकत घेतला. त्यांच्या टेबलावर त्यात पेन्सिली असायच्या.

शाळेच्या दारातून एकत्र आत गेलेली मुलं वर्गातही एकत्र बसायचीच असं नाही, हेही सांगायला हवं. माझ्या पहिल्या शाळेत निम्मी मुलं कृष्णवर्णीय होती. माझ्या ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या, बीजगणिताच्या वर्गात अठ्ठावीसपैकी तीन. समोरच्या खोलीत ‘बेसिक मॅथ’, तिथे उलट. मधे आठ फुटांचा पॅसेज. कोण कुठल्या वर्गात जाणार ते पाचवीतल्या एका शिफारशीवर ठरायचं, आणि ती शिफारस बदलून घ्यायला कोणाचे आईवडील ऑफिसात यायचे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांत आपलेही असायचे. मीही माझ्या मुलासाठी गेले होते.

शेवट कसा झाला ते थोडक्यात. १९९१ च्या एका निकालाने सुप्रीम कोर्टाने डिस्ट्रिक्टना कोर्टाच्या देखरेखीतून बाहेर पडण्याची वाट रुंद करून दिली. शार्लटमध्ये १९९७ मध्ये एका गोऱ्या पालकाने दावा लावला की वंशानुसार राखून ठेवलेल्या जागांमुळे मुलीला मॅग्नेट शाळेत प्रवेश मिळाला नाही. (मॅग्नेट म्हणजे विज्ञान, कला, भाषा असं काही खास देऊन सगळीकडून मुलं ओढणारी सरकारी शाळा.) प्रकरण ज्यांच्यापुढे आलं ते न्यायमूर्ती रॉबर्ट पॉटर एके काळी बसिंगविरोधी मोहिमेत होते. १९९९ मध्ये त्यांनी आता भेदभाव उरला नाही असा निर्वाळा दिला, अपिलात तो टिकला, आणि २००२ पासून वंश बघून शाळा देणं बंद झालं. ‘घराजवळच्या शाळेची हमी’ आली. काही वर्षांत वेस्ट शार्लटमध्ये गोरी मुलं जवळजवळ उरली नाहीत. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिअ‍ॅटल आणि लुइव्हिलच्या प्रकरणांत, स्वखुशीने केलेल्या योजनेतही प्रत्येक मुलाचा वंश बघून जागा देणं नाकारलं.

मग उरलं काय, तर रेषा. ती आमच्या विभागात आखली जायची. एका नवीन शाळेसाठी हद्द बदलायची होती, साधारण दोनशे घरं इकडची तिकडे. रात्री सात वाजता शाळेच्या कॅफेटेरियात सभा. लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एकजण तरी ‘कृष्णवर्णीय’ म्हणाला असेल? एकही नाही. सगळे बोलले ‘ट्रॅफिक’, ‘सेफ्टी’, ‘कम्युनिटी’. एका मराठी गृहस्थांनी स्लाइड्स आणल्या होत्या, रेटिंग दोन अंकांनी उतरलं तर घराची किंमत किती पडते याच्या. अप्रतिम तयारी. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले, म्हणाले, “ताई, तुम्ही आपल्या आहात, काही करता आलं तर बघा.” रेषा शेवटी त्यांच्या कॉलनीला वळसा घालून गेली. माझ्यामुळे नाही, पण गेली.

आपण या सगळ्यात कुठे, हा प्रश्न जुनाच आहे. १९२७ मध्ये मिसिसिपीत एका चिनी वाण्याने मुलीला गोऱ्या शाळेत ठेवावं म्हणून सुप्रीम कोर्ट गाठलं होतं. कोर्ट म्हणालं, तुमची मुलगी गोरी नाही, राज्याने तिला ‘कलर्ड’ शाळेत पाठवलं तर चूक नाही. १९६५ नंतर नव्या इमिग्रेशन कायद्याने आपण आलो, डिग्र्या घेऊन आलो, आणि ज्या उपनगरांत गोरे पळून गेले होते तिथेच घरं घेतली. रेषेच्या बऱ्या बाजूला आपल्याला कोणी अडवलं नाही. ते अडवणं बंद करायला मार कोणी खाल्ला, हे मात्र आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात कधी निघत नाही.

तुमच्या शहराबद्दल आणखी एक. २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास आला: सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात जन्मलेलं मूल मोठेपणी सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता, देशातल्या पन्नास मोठ्या शहरी भागांत, शार्लटमध्ये सगळ्यांत कमी. शेकडा ४.४. शहर हादरलं. त्यानंतर डिस्ट्रिक्टने मॅग्नेटच्या सोडतीत वंशाऐवजी वस्तीची आर्थिक स्थिती बघायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये कॉट्सवोल्ड आणि बिलिंग्जव्हिल या एकमेकींजवळच्या, पण अगदी वेगवेगळ्या वस्त्यांतल्या दोन प्राथमिक शाळांची जोडी लावली: लहान वर्ग सगळे एकीत, मोठे वर्ग सगळे दुसरीत. बस लांब नाही, कोणाला चार वर्षं आणि कोणाला दोन असंही नाही. बघण्यासारखं आहे.

आता घराचं. तुमचा एजंट शाळेबद्दल स्पष्ट बोलणार नाही. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यामुळे गिऱ्हाइकाला वंश बघून एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे, म्हणून तो फक्त लिंक पाठवेल. त्या लिंकवरचं रेटिंग बरंचसं परीक्षेच्या मार्कांवर असतं आणि मार्क बरेचसे आईवडिलांच्या पगारावर. शाळेने मुलाला वर्षभरात किती पुढे नेलं, तो ‘ग्रोथ’चा आकडा नॉर्थ कॅरोलायना वेगळा प्रसिद्ध करतं, तो काढा. पाच आणि सहा रेटिंगच्या शाळांत जाऊन या. मुख्याध्यापकांना विचारा, शिक्षक किती वर्षं टिकतात, आणि पुढच्या पातळीच्या गणितात कोण कोण बसतं. आणि मधल्या सुट्टीत कॅफेटेरियात दहा मिनिटं उभ्या राहा. कोणत्या टेबलावर कोण बसलंय, ते बघा.